ओटीपी आला का, आजोबा?

स्वतःच्या घरात तीस वर्षे जेवणाऱ्या माणसाला ‘आपण कोण?’ असे विचारण्याचा पराक्रम फक्त सरकार करू शकते. 2021 साली त्याने तो करून दाखवला.

राज्यात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. तिथल्या जुन्या वॉर्डांत आयुष्याची दोन-तीन दशके काढलेली माणसे आहेत. त्यातल्या अनेकांना पोलिसांनी रस्त्यावरून उचलले आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने आत आणले. पुढे सरकारनेच कपडे दिले, जेवण दिले, केसपेपरचे बाड वाढवत नेले. मग 1 मार्च 2021 ला साठीवरच्यांची कोविड लस सुरू झाली आणि कोविन पोर्टलने विचारले: मोबाइल नंबर? ओटीपी? ओळखपत्र?

ओळखपत्रे सात प्रकारची चालत होती. आधार, पॅन, मतदार कार्ड, पासपोर्ट, पेन्शनचे पासबुक... आणि वाहन परवाना! कुलूपबंद वॉर्डातल्या सत्तरीच्या आजोबांनी निदान परवाना तरी काढून ठेवायला हवा होता, नाही का?

ज्यांच्या नातेवाइकांनी किंवा एखाद्या धडपड्या समाजसेवा अधीक्षकाने आधार काढून ठेवले होते, त्यांचे निभावले. बाकीच्यांसाठी केंद्राने 6 मे रोजी वेगळी कार्यपद्धती काढली. तिच्यातली यादी वाचनीय आहे: साधुसंतांसह भटके लोक, तुरुंगातले कैदी, मनोरुग्णालयांतले रहिवासी, वृद्धाश्रमवासी, रस्त्यावरचे भिक्षेकरी. साधूने संसार स्वतः सोडला; इथे संसाराने माणसाला सोडले. सरकारच्या लेखी दोघांचा रकाना एकच. त्यातल्या त्यात येरवडा तुरुंगातल्या कैद्याचे बरे. त्याला निदान आपली शिक्षा किती वर्षांची, हे माहीत असते.

आता रोग आत कोण आणतो ते पाहू. वॉर्डातले आजोबा बाजारात जात नाहीत, लग्नाला जात नाहीत, लोकलला लटकत नाहीत. बाहेरून येतो तो आपण, म्हणजे शहाणी माणसे. आणि रोग एकदा आत शिरला की खाटेला खाट लागलेल्या वॉर्डात त्याला कोण अडवणार? दक्षिण कोरियात फेब्रुवारी 2020 मध्ये एका रुग्णालयाच्या बंद मानसोपचार वॉर्डातल्या जवळजवळ सगळ्यांना लागण झाली. त्या देशाचा कोविडचा पहिला बळी तिथलाच, वर्षानुवर्षे आत राहिलेला रुग्ण. ही बातमी आपल्याकडेही पोचली होती. आपण तेव्हा सॅनिटायझरच्या रांगेत होतो.

जानेवारी 2021 मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासाने सांगितले की कोविडने मरण्याच्या जोखमीत वयाच्या खालोखाल स्किझोफ्रेनियाचा नंबर लागतो. ब्रिटनने गंभीर मानसिक आजार असलेल्यांना लसीच्या प्राधान्यगटात घेतले होते. आपल्याकडे पंचेचाळिशीपुढच्यांसाठी वीस सहव्याधींची यादी निघाली. तिच्यात हृदय होते, यकृत होते, मूत्रपिंड होते. स्किझोफ्रेनियाचे नाव नव्हते.

राज्य सरकारही अगदीच स्वस्थ बसले नव्हते. बरे होऊनही मनोरुग्णालयात अडकलेल्यांचे काय, या प्रश्नावर भिक्षेकरीगृह आणि वृद्धाश्रम असा तोडगा निघाला. माणूस तोच, फाटक दुसरे, आणि मनोरुग्णालयाच्या रजिस्टरातला आकडा कमी! जुलै 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवायला सांगितले. पुढे सप्टेंबरमध्ये मनोरुग्णालयांतल्या लोकांच्या लसीकरणाचा कालबद्ध आराखडा करा, असेही त्याच न्यायालयाला सांगावे लागले. देशात लसीकरण सुरू होऊन तेव्हा साडेसात महिने झाले होते. दंडावर सुई टोचायला दिल्लीचे न्यायमूर्ती लागतात, हे आरोग्य खात्याच्या पाठ्यपुस्तकात नक्की कुठल्या प्रकरणात येते?

संमतीची गंमत तर औरच. जुन्या काळात ज्या माणसाला गोळ्या आणि इंजेक्शने देताना कोणी ‘देऊ का?’ म्हणून विचारले नाही, त्याच्या लसीसाठी मात्र फॉर्मवर नातेवाइकाची सही हवी असे कुणालाही सुचू शकते. नातेवाईक कुठला? ज्याने वीस वर्षांत पोस्टकार्ड टाकले नाही तो? 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचारांच्या बाबतीत सरळ सांगतो: प्रत्येकाला निर्णय घेता येतो असे धरून चाला. सोप्या भाषेत सांगा, खुणांनी सांगा, चित्रे दाखवा. म्हणजे सिस्टरने विचारायचे, ‘आजोबा, लस घेणार का?’ आजोबा म्हणतील, ‘घेतो, पण चहा झाल्यावर.’ हा शंभर टक्के शुद्धीवरचा निर्णय आहे. मंत्रालयात यापेक्षा धूसर निर्णय रोज होतात.

कोविड ओसरला, कॅमेरे गेले, आणि वॉर्डातले म्हातारपण जिथल्या तिथे राहिले. फ्लूची लस दरवर्षी घ्यावी लागते. न्यूमोनियाचीही लस आहे. बाहेरच्या आजोबांना सून आठवण करते, मुलगा गाडी काढतो, फॅमिली डॉक्टर रागावतात. आतल्या आजोबांसाठी तगादा कोण लावणार? खरे तर त्यांना गरज जास्त. वर्षानुवर्षांच्या औषधांनी काहींना गिळायला त्रास होतो, घास श्वासनलिकेत जातो. क्लोझापिन हे स्किझोफ्रेनियावरचे औषध घेणाऱ्यांत न्यूमोनियाचा धोका वाढतो. त्याच औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी घटतात, म्हणून लसीनंतर ताप आला तर ‘येतोच ताप’ म्हणून सोडून चालत नाही. रक्त तपासावे लागते. आणि पुष्कळदा हा माणूस ‘दुखतंय’ असे आपणहून म्हणत नाही. वर्षानुवर्षे म्हणून पाहिले, कोणी ऐकले नाही, मग सवय मोडली.

उपाय महागडा नाही. दरवर्षी पावसाळ्याआधी चारही रुग्णालयांत साठीवरच्यांची यादी करा, केसपेपरवर लसीचा एक रकाना छापा आणि तो भरण्याची जबाबदारी एका माणसावर नावानिशी टाका. ‘संबंधितांनी योग्य ती कार्यवाही करावी’ असे लिहू नका. संबंधित नावाचा इसम या राज्यात आजवर कोणाला भेटलेला नाही.

आणि एखाद्या आमदाराला अधिवेशनात वेळ उरला, तर त्याने एवढाच प्रश्न टाकावा: गेल्या वर्षी या चार रुग्णालयांतल्या किती वृद्धांना फ्लूची लस दिली? ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असे छापील उत्तर आले, तर ती गोळा करायला कुठे जायचे तेही सांगून ठेवतो. वॉर्डात जा. माणसे तिथेच आहेत. त्यांना कुठे जाऊ दिलेय कोणी?