कुत्र्याची आई गावाला गेलीय

भाच्याला कुत्र्यांची पैदास शिकायचीय, तीही ‘एथिकल’. ‘मामा, एखादा गुरू बघा ना.’ तीन गुरू त्यानं आधीच मोबाइलवर गाठले होते. पहिला म्हणतो, महिन्याला लाख कमवा. दुसऱ्याकडे पिल्लू घेतलं की शिकवणी फुकट. तिसऱ्यानं नुसता क्यूआर कोड पाठवलाय.

हाच भाचा काष्टीच्या बाजारात गाय घ्यायला गेला की सीआयडी होतो. जबडा उघडून दात मोजतो, सडं पिळून बघतो. कितवं वेत, आईला दूध किती, विचारून विचारून व्यापाऱ्याला घाम फोडतो. रेतकांडीवरचा वळूचा नंबर वाचल्याशिवाय गाय भरू देत नाही. शेळी तर संगमनेरीच लागते. पण लॅब्रडॉर? व्हॉट्सॲपवर एक फोटो, खाली ‘डबल बोन’, म्हणजे दणकट हाडाचं, पैसे रवाना. टेंपोतून खोका आला. म्हटलं, याची आई बघितलीस? तर म्हणे, ‘ती गावाला गेलीय.’

कुत्र्यांच्या पैदाशीचे केंद्राचे नियम 2017 पासून आहेत. ते वाचून दाखवले. कुत्री 18 महिन्यांच्या आत भरवायची नाही, 8 वर्षांनंतर नाही, लागोपाठच्या दोन माजांना नाही. जन्मात 5 पेक्षा जास्त वेळा व्यायला लावायची नाही. भाऊ-बहिणीची जोड नाही. 8 आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. वर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी. भाच्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मग उरायचं काय?’

शेवटी पारनेरच्या माळावर नेला. मेंढरं वाघरीच्या जाळीत, भोवती कुत्री. धनगरबाबांकडे वंशावळीचा कागद नाही, पण कुत्रीची आई-आजी तोंडपाठ. कोणती लांडग्याच्या अंगावर गेली आणि कोणती शेपूट घालून पळाली, हेही. भाच्यानं पिल्लू मागितलं. बाबांनी तंबाखू मळत सुरुवात केली. ‘रान किती? दिवसा घरी कोण असतं? आजारी पडलं तर? मोठं झाल्यावर नको वाटलं, तर आणून द्याल का सोडून द्याल?’

भाच्याला घाम फुटला. पहिल्यांदाच कुणीतरी त्याचे दात मोजत होतं.