चिरायचं आणि घालायचं

आईच्या पंचाहत्तरीचा बेत ठरवायला बसलो तेव्हा एप्रिल संपत आला होता. पुण्यात एप्रिल संपता संपता माणसाची विचारशक्तीही संपत येते. एरवी मी पुढे जे बोलून बसलो ते बोललो नसतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, मसालेभात, मठ्ठा हे सगळं बाहेरून सांगायचं ठरलं. गाडी अडली ती गोडावर. श्रीखंड जड पडतं, पंचवीस माणसांना आमरस म्हणजे कर्ज काढावं लागेल, आणि मे महिन्यात गुलाबजाम कोणी वाढला तर तो वैरी समजावा. "फ्रूट सॅलड करा," आई म्हणाली. उत्सवमूर्तीच बोलल्यावर प्रश्न मिटला.

"मग तेही त्यांनाच सांगू," ही म्हणाली.

"त्यात सांगायचंय काय?" मी म्हणालो. "चिरायचं आणि घालायचं. मी करतो."

हिने वहीत 'गोड' या शब्दापुढे माझं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. हिच्या वहीत एक रेघ म्हणजे काम, दोन रेघा म्हणजे पुरावा.

आता फ्रूट सॅलड या पदार्थाबद्दल माझं पहिल्यापासून एक म्हणणं आहे. सॅलड म्हणजे आपली कोशिंबीर. म्हणजे नावाप्रमाणे ही फळांची कोशिंबीर, आणि तिची जागा पानात डावीकडे, लिंबू-मीठ-चटणीच्या शेजारी. प्रत्यक्षात ती वाटीत बसून उजवीकडे येते, आमटीला कोपर मारत, आणि पुरी तिच्यात बुडते. परदेशातून आलेल्या पाहुण्याला आपण 'फ्रूट सॅलड घ्या' म्हणावं आणि त्याच्यापुढे पिवळं दूध ठेवावं, त्यात डोकावणारी केळ्याची चकती बघून तो गप्प होतो. त्याच्या सॅलडमध्ये फळं असतात. आपल्या सॅलडमध्ये दूध असतं आणि फळं वस्तीला येतात.

माझी भाची बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिचं म्हणणं, "मामा, दूधबिध नको. फ्रेश कर. कलिंगड, खरबूज, वरून पुदिना आणि लिंबू." मी तिला प्रेमाने समजावलं, की पुरी लिंबात बुडवता येत नाही.

शनिवारी सकाळी मंडईत गेलो. ही मंडई १८८६ सालची, आणि तिथला भाव विचारण्याचा कायदाही तेव्हाचाच: गिऱ्हाइकाने भाव ऐकून एक पाऊल मागे जायचं, फळवाल्याने एक पाऊल पुढे यायचं नाही. मी मागे गेलो. मागे एक बाई डाळिंबं निवडत होत्या, त्यांच्या पिशवीवर पाय पडला. माफी मागून पुढे आलो तोवर भाव पक्का झाला होता.

"देवगड आहे ना?" मी आंब्यांकडे बोट दाखवून विचारलं.

"साहेब, वास घ्या."

वास घेतला. आंब्याचा होता. फळवाल्याने पेटीतलं गवत सरकवून एकेक आंबा काढून दिला, आणि गवताच्या खाली अंथरलेलं वर्तमानपत्र दिसलं. ते कन्नड होतं. देवगडात कन्नड वाचणारे पुष्कळ असतील असं मनाशी म्हणत मी पैसे मोजले. २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला वाटलं होतं की आता ही फसवणूक थांबेल. पण मानांकन कागदावर असतं आणि कागद पेटीच्या तळाशी.

बाकी खरेदी मात्र छान झाली. जळगावची केळी, घोलवडचे चिकू, सोलापूरचं डाळिंब, नाशिकची शेवटची शेवटची द्राक्षं, आणि सफरचंद, जे मे महिन्यात शीतगृहातून थेट सत्कारसमारंभाला आल्यासारखं चकाकतं. महाराष्ट्राचे इतके जिल्हे भांडल्याशिवाय एका पातेल्यात नांदतात हे मला फार आवडतं. फक्त नागपूरचं संत्रं नाही. त्याचा हंगाम नव्हता हे एक, आणि असता तरी त्याच्या आंबटपणाने दूध फाटलं असतं. विदर्भाचा अनुशेष पातेल्यातही राहिलाच.

घरी आलो तर मिरजेहून आत्या आलेली. आत्या ब्याऐंशी वर्षांची आहे आणि तिचा स्वयंपाकघरातला सगळा कारभार 'चालत नाही' या दोन शब्दांवर चालतो. कारण विचारायचं नाही. भाचीने एक अननस आणला होता, रंगाला बरा दिसेल म्हणून.

"अननस दुधात चालत नाही."

"का गं आत्याआजी?"

"कडू होतं."

भाचीने फोन उघडला, दोन मिनिटं वाचलं, आणि तिचा चेहरा परीक्षेत प्रश्न ओळखीचा निघावा तसा झाला. कच्च्या अननसात ब्रोमेलेन नावाचं एन्झाइम असतं, ते दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं आणि ते तुकडे कडवट लागतात. शिजवलेला किंवा डब्यातला अननस चालतो, कारण उष्णतेने ते एन्झाइम मरतं. "आत्याआजी, यू आर राइट!" ती ओरडली. आत्याने डोळेही वर केले नाहीत. ती विळीवर बसून चिकू सोलत होती.

आत्याचं सगळंच खरं असतं असंही नाही हे नोंदवून ठेवतो. दूध तापताना मागून कोणी गेलं तर ते नासतं, असंही ती म्हणते, आणि म्हणून त्या संध्याकाळी आमच्या घरात बाथरूमला जायला अर्धा तास कोणालाही परवानगी नव्हती.

दूध चार लिटर. ते तापलं, उतू जायच्या बेताला आलं, आणि मी कस्टर्ड पावडरचा डबा उघडून त्यात सरळ ओतायला सुरुवात केली. डब्यावर काही सूचना होत्या. पण पुरुषाने सूचना वाचायच्या त्या वस्तू बिघडल्यावर, अशी आमच्याकडे पद्धत आहे.

पहिल्या चमच्याला काही झालं नाही. पाचव्या चमच्याला पातेल्यात बोराएवढे गोळे फिरायला लागले. एक गोळा मी बाहेर काढून बोटाने फोडला. बाहेरून गुळगुळीत, चकचकीत, शिजलेला. आत कोरडी ठणठणीत पावडर, जशी डब्यातून निघाली तशीच. गरम दुधात पडल्यापडल्या वरचा पिष्टाचा थर शिजून त्याचं कवच होतं आणि आत दुधाला वाटच उरत नाही. मी तो गोळा हातात धरून बघत राहिलो. आमच्या कॉलनीच्या सभेत असे दोन-तीन लोक आहेत.

"आधी वाटीभर थंड दुधात कालवून घ्यायची," आत्या म्हणाली. गाळणी तिने आधीच काढून ठेवली होती. गाळून, पुन्हा कालवून, पुन्हा ढवळून, सव्वानऊला कस्टर्ड जमलं. सुंदर. दाट. पिवळंधमक. पळी उलटी केली तर मागच्या बाजूला थर राहत होता आणि त्यावरून बोट फिरवलं तर रेघ उमटून तशीच राहत होती. मी हिला बोलावून रेघ दाखवली. "वहीत दोन होत्या," ही म्हणाली.

त्या उत्साहात मी सगळ्यांना कस्टर्ड पावडरची गोष्ट सांगितली, कारण ती मला पाठ आहे. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या रसायनविक्रेत्याने १८३७ साली ही युक्ती काढली. खरं कस्टर्ड अंड्याचं, आणि त्याच्या बायकोला अंडं चालत नव्हतं, बाधायचं. म्हणून त्याने अंड्याऐवजी मक्याचं पीठ घेतलं. म्हणजे सोवळ्यातल्या स्वयंपाकघरातही जो पदार्थ निर्धास्त शिरला, तो एका इंग्रज बाईच्या पथ्यामुळे.

"बायकोचं पथ्य सांभाळलं त्याने," ही म्हणाली, आणि थांबली. मला डायबेटिसची गोळी घ्यायची आठवण तिने रोज करायची असते. तिला लसूण चालत नाही हे मला लग्नानंतर चार वर्षांनी कळलं. मी विषय बदलून पातेलं थंड करायला घेतलं.

परातीत बर्फाचं पाणी, त्यात पातेलं, वर पंखा. साय धरू नये म्हणून अधूनमधून ढवळायचं. मग फ्रिज. चार लिटरचं पातेलं फ्रिजमध्ये जावं म्हणून मधली जाळी काढली, इडलीचं पीठ, कोथिंबीर आणि दोन वर्षांपासूनचं एक लोणचं बेघर झालं. फळं दुसऱ्या दिवशी. केळी अगदी शेवटी, नाहीतर काळी पडतात. सफरचंदाला लिंबू चोळ म्हणजे काळं पडत नाही असं भाची म्हणाली. आत्या म्हणाली, "दुधात जायचंय ते." भाचीने लिंबू परत ठेवलं. आता तिला कारण शोधावंसंही वाटत नव्हतं.

आता त्या रात्रीचं. मी खरं तेच सांगतो.

कस्टर्ड कोमट होतं तेव्हा मी एकदा चव बघितली. साखर जरा कमी वाटली. घातली, ढवळली, चव बघितली. बरी वाटली, पण पंचवीस माणसांची जबाबदारी, म्हणून आणखी एकदा बघितली. चमचा ओट्यावर ठेवला. अकरा वाजता पाणी प्यायला उठलो, तेव्हा थंड झाल्यावर गोडी कमी लागते असं कुठेसं वाचलेलं आठवलं, म्हणून तोच चमचा उचलून पुन्हा बघितली. खरंच कमी लागत होती. साखर, ढवळणं, चव. बारा वाजता केवळ खात्रीसाठी. दोन वाजता कशासाठी ते आठवत नाही. फ्रिजचं दार उघडलं की पातेल्यावर तो पिवळा उजेड पडतो, त्या उजेडात माणूस एकटा असतो.

सकाळी साडेसातला मी फळं चिरायला बसलो. फोडी केवढ्या, यावर घरात तीन पक्ष: आईचा काजूएवढ्या, हिचा त्याहून मोठ्या, आत्याचा "दाताखाली कळल्या पाहिजेत आणि दातात अडकता कामा नयेत". आईला आज कामाची बंदी होती, त्यामुळे ती दाराच्या चौकटीत उभी राहून नुसतं "लहान कर" म्हणत होती. पंचाहत्तर वर्षं पूर्ण करणाऱ्या बाईचा शब्द मोडवत नाही. मी द्राक्षांचेही चार चार तुकडे करायला लागलो. डाळिंब भाचीकडे. तासाभराने तिच्या पांढऱ्या टी-शर्टवर जे ठिपके होते ते पाहून दूधवाला दोन पायऱ्या मागे सरकला.

साडेनवाला पातेलं बाहेर काढलं. पळी घातली. पळी गेली तशी आली, भरून आणि गळत. मी ती उलटी केली. रेघ उमटायला मागे काही राहिलंच नव्हतं. काल रात्री ज्यात चमचा उभा राहत होता, ते आता दूधवाल्याने आणून दिल्यासारखं वाहत होतं.

"फाटलं का?" आई.

"फाटलेलं नाही." आत्याने पातेल्यात एकदाच पाहिलं, मग ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर चमचा होता. "उष्टा चमचा गेलाय यात. खिरीचंही असंच होतं."

"कोणाचा?" आई म्हणाली.

भाचीने हे ऐकलं आणि तिचा कालचाच चेहरा झाला. लाळेत अमायलेज असतं. ते पिष्ट पचवतं, तोंडात पोळी चावत बसलं की गोड लागते ती त्यामुळेच. कस्टर्डचा दाटपणा म्हणजे नुसतं पिष्ट. उकळत्या कस्टर्डमध्ये ते एन्झाइम टिकत नाही, पण कोमट झाल्यावर लाळ लागलेला चमचा आत गेला तर रातोरात सगळं पातळ. "म्हणजे कोणीतरी थंड होताना पुन्हा पुन्हा चव..." ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून थांबली. मुलगी हुशार आहे, आणि तिची फी या वर्षी मी भरली आहे.

"साखर बघायला नको का?" मी म्हणालो.

पुन्हा करायला दूध नव्हतं आणि वेळही नव्हता. ही तेव्हा जे म्हणाली त्यासाठी तिला मी आजन्म मानेन. ती म्हणाली, "वाट्या नकोत. पेले काढा." आंब्याच्या फोडी, वरून व्हॅनिला आइसक्रीमचा एकेक गोळा, डाळिंबाचे दाणे. पुण्यात दूध आणि आइसक्रीम उंच पेल्यात घातलं की त्याला मस्तानी म्हणतात आणि पुढे कोणी काही विचारत नाही.

लोक तुटून पडले. पुऱ्या भाजीबरोबर संपल्या. शेजारचे वैद्य काका, ज्यांनी आम्हाला दूध आणि आंबट फळं विरुद्ध आहार म्हणून चरकाचा दाखला देऊन दहा मिनिटं धरून ठेवलं, त्यांनी द्राक्षं बाजूला काढून दोन पेले घेतले. आईला तिसरा हवा होता. आत्याने मात्र पेल्याला हात लावला नाही. कोणी आग्रह केला की म्हणायची, "मला आज गोड नको बाई." एकादशी तीन दिवसांवर होती.

निघताना खालच्या मजल्यावरच्या वहिनी माझ्याजवळ आल्या. "भावजी, कसं केलंत हो? आमचं फ्रूट सॅलड नेहमी गच्च होऊन बसतं. इतकं सुरेख पातळ कधी होत नाही. काय घालता?"

मी आत्याकडे पाहिलं. आत्या पदराने चष्मा पुसत होती.

"त्याला घरचंच माणूस लागतं," ती म्हणाली.