खलनायक पाहिजे

हिंदी सिनेमात कंपनीचा मालक ओळखणं सोपं असतं. तो फिरत्या खुर्चीत पाठमोरा बसतो. खुर्ची वळली की हातातला ग्लास दिसतो, आणि मग तो आपला हेतू स्वतःच मोठ्यानं सांगून वर हसतो. 'जाने भी दो यारों'मधला बिल्डर तरनेजा असो की मराठी 'सामना'मधला कारखानदार हिंदुराव, त्याला पडद्यावर पाहताच आमच्याकडची म्हातारी माणसंही म्हणतात, "हाच बेटा करन सारं!"

असा एक इसम आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्यात शोधून दाखवावा. राष्ट्रीय महामार्ग ४४ गावावरून जातो, पण त्यावरून हसत आलेला मालक कुणी पाहिलेला नाही. येतो तो कीटकनाशक कंपनीचा पोरगा, मोटरसायकलवर, घामाघूम. शेजारच्याच गावचा, शेतकी शिकलेला. "काका, औंदा हे मारून पाहा," म्हणतो, टोपी देतो, टी-शर्ट देतो. त्याला टार्गेट असतं. त्याच्या नागपूरच्या साहेबाला त्याहून मोठं, मुंबईच्या साहेबाला त्याहून मोठं. सर्वांत वरचा साहेब भागधारकांना भितो. आणि भागधारक कोण? म्युच्युअल फंडात दरमहा हजार रुपये टाकणारे आमचेच निवृत्त गुरुजी! ते तर सकाळी फिरायला जाताना मुंग्यांना साखर घालतात. आता कॅमेरा कुणावर लावायचा?

२००६ साली मधुर भांडारकरांचा 'कॉर्पोरेट' आला. थंड पेयात कीटकनाशकाचा अंश सापडतो आणि उद्योगपतींची झोप उडते. बाटलीत अंश, तर एवढा गोंधळ! २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशक बाटलीत नव्हे, थेट माणसांच्या अंगात गेलं. बीटी कपाशीला बोंडअळीची भीती नाही, असं सांगितलं गेलं होतं. गुलाबी बोंडअळीनं ती जाहिरात वाचलेली नव्हती. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, ऑक्टोबरचं ऊन, पाठीवर पंप. फवारा पिकाइतकाच तोंडावर येत होता. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले.

मग खलनायकाचा शोध सुरू झाला, आणि सापडला! तो शेतातच उभा होता. त्यानं मास्क लावला नव्हता, हातमोजे घातले नव्हते, डब्यावरचा लाल त्रिकोण पाहिला नव्हता. आतलं माहितीपत्रक तर उघडलंच नव्हतं. ते बारीक अक्षरांत इतक्या भाषांत छापलेलं असतं, की वाचायला भिंग लागावं. भिंग कृषी केंद्रात उधारीवर मिळत नाही. रोजानं फवारणी करणाऱ्या मजुरानं तसल्या उन्हात रबरी पोशाख चढवून दिवसभर चालायला हवं होतं, असं वातानुकूलित खोलीतल्या सर्वांचं एकमत झालं.

एक मात्र भांडारकरांनी बरोबर दाखवलं होतं. 'कॉर्पोरेट'च्या शेवटी मालक सुटतो आणि दोष एका नोकरदार बाईच्या गळ्यात पडतो. पण ती बिपाशा बसू असते, म्हणून प्रेक्षकांना निदान वाईट वाटतं. आमचा रोजंदारीवाला तेवढा देखणा नाही.

तेव्हा निर्मात्यांना विनंती, आता एक चित्रपट इथं काढा. खर्च कमी. फिरती खुर्ची नको, ग्लास नको, गडगडाटी हसू तर नकोच. सगळी पात्रं सज्जन ठेवा: पोरगा कष्टाळू, साहेब नम्र, दुकानदार उधारी देणारा, गुरुजी देवभोळे. कुणाच्या तोंडी शिवी नाही, कुणाच्या हातात पिस्तूल नाही. सेन्सॉरवाले खूश होऊन 'यू' प्रमाणपत्र देतील.

शेवटच्या मारामारीत नायकानं मारायचं कुणाला, हे दिग्दर्शकांनी ठरवावं. फक्त त्याला मास्क आणि हातमोजे आठवणीनं द्यावेत. नाहीतर चौकशीत तोच अडकायचा.