स्टॅकची वंशावळ

जावा या संगणकभाषेत एका क्लासने, म्हणजे वस्तू घडवण्याच्या आराखड्याने, ‘एक्सटेंड्स’ म्हणून दुसऱ्या क्लासशी नाते जोडले, की जनकाच्या सर्व सार्वजनिक मेथड, म्हणजे बाहेरून हाक मारता येणाऱ्या क्रिया, अपत्याला आयत्या मिळतात. नकोशी क्रिया खासगी करून दाराआड लपवण्याची मुभा मात्र कंपायलर, म्हणजे कोड तपासून त्याचे भाषांतर करणारा प्रोग्रॅम, देत नाही. १९९६ सालच्या पहिल्याच आवृत्तीत ‘स्टॅक’ या क्लासला ‘व्हेक्टर’च्या पोटी असा जन्म देण्यात आला. स्टॅक ही शेवटी ठेवलेले आधी काढण्याची शिस्त पाळणारी रचना, तर व्हेक्टर ही कोणालाही कोणत्याही क्रमांकावर बसवणारी यादी. त्यामुळे रांगेत मध्येच घुसण्याचा हक्क शिस्तीच्या या सुपुत्राकडे वडिलोपार्जित चालत आला आणि कोड लिहिण्याचे जे थोडे श्रम वाचले, त्यांना ‘पुनर्वापर’ हे भारदस्त नाव मिळाले. केवळ अक्षरांच्या माळा, म्हणजे मजकूर, सांभाळण्यासाठी नेमलेला ‘प्रॉपर्टीज’ हा क्लासही आपल्या जनकाच्या, ‘हॅशटेबल’च्या, कृपेने वाटेल ती वस्तू पोटात घेतो, हे या घराण्याला साजेसेच झाले. जोशुआ ब्लॉक यांनी ‘इफेक्टिव्ह जावा’ (२००१) या ग्रंथात हे दोन्ही दाखले चुकीचे ठरवले आणि अशा ठिकाणी वारशाऐवजी कंपोझिशन, म्हणजे दुसरी वस्तू आपल्या आत ठेवून तिच्याकडून हवे तेवढेच काम करून घेणे, सुचवले. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून स्टॅक आजही व्हेक्टरचाच मुलगा आहे. त्याचे स्वतःचे अधिकृत दस्तऐवज मात्र वापरकर्त्याला हीच शिस्त पुरवणाऱ्या ‘डेक’ या दुसऱ्या रचनेकडे जाण्याचा सल्ला देतात.