मधल्याची बोली

कबड्डीच्या खेळाडूंचा लिलाव ही गोष्ट आता आमच्या भागाला नवलाची राहिलेली नाही. बारामतीहून इंदापूरला निघालं आणि भवानीनगर मागं पडलं, की रस्त्याच्या कडेनं जे फ्लेक्स लागतात, त्यांत वाढदिवसांच्या खालोखाल मान असतो तो कुठल्या ना कुठल्या प्रीमियर लीगचा. गळीत हंगाम संपलेला असतो, कारखान्यांची धुराडी गप्प असतात, उसाची बिलं कुणाची जमा झालेली, कुणाची अजून वाटेवर. अशा सुस्तावलेल्या दिवसांत एखाद्या मंगल कार्यालयात, परवाच्या लग्नाच्या अक्षता अजून कोपऱ्यात सापडतात अशा हॉलमध्ये, वधूवरांच्याच मखमली सोफ्यांवर संघमालक येऊन बसतात. एकाचं ट्रॅक्टरचं शोरूम, दुसऱ्याचं प्लॉटिंग, तिसऱ्याच्या पोल्ट्र्या, आणि चौथे नुसतेच नेते. बोली रुपयांत नसते, पॉइंटांत असते. सगळ्यांना सारखे दहा हजार. तरी हे फुकटचे पॉइंट खर्चताना माणसं जी कासावीस होतात, तशी ती रानाचा तुकडा विकतानाही झालेली मी पाहिलेली नाहीत. हातोडा कुणाकडं नसतो, म्हणून आचाऱ्याचा दस्ता मागून आणलेला असतो. तो टेबलावर आपटला की किंचित मिरीचा वास येतो आणि एक पोरगा विकला जातो.

मला मागच्या रांगेत, सल्लागार मंडळींत जागा मिळते. सल्ला कुणी विचारत नाही, चहा मात्र मिळतो. वाद दरवर्षी एकच. पहिली बोली कुणावर लावायची? चढाईवाल्यावर, हे जगाचं उत्तर. पण आमच्या बापूंना जगाची उत्तरं मान्य नसतात.

“पयली बोली कव्हरवर लावा,” बापू म्हणाले.

“बापू, कव्हरला कोण पळवून नेतंय? त्यो शेवटपत्तूर ऱ्हातोय तसाच.”

“म्हनूनच म्हनतो.”

बापूंचं म्हणणं कळायला मैदानाच्या कडेला थोडं उकिडवं बसावं लागतं. सातजणांच्या फळीत दोन टोकांना कोपरे. फोटो त्यांचा. चढाईवाला आत शिरला, त्यानं पाय टाकला, कोपऱ्यानं सूर मारून घोटा धरला, टाळ्या. पण घोटा धरलेला माणूस काही तिथंच बसत नाही. तो मध्यरेषेकडं अंग फेकतो. त्याचं एक बोट रेषेला लागलं तर धरणाराच बाद. त्या फेकलेल्या अंगाला आडवी जाते ती छाती मधल्याची, म्हणजे कव्हरची. वर्तमानपत्रं त्याला मध्यरक्षक म्हणतात. मग सगळे त्या ढिगाऱ्यावर पडतात. शिट्टी वाजते, धुरळा बसतो, कोपरा मांडीवर थाप मारत उठतो आणि मागं वळून गावाकडं बघतो. कव्हर सगळ्यात खाली असतो, म्हणून सगळ्यात शेवटी उठतो, आणि तोवर गावाचं बघून झालेलं असतं. पुन्हा आपले तिन्ही चढाईवाले बाहेर बसले असतील आणि करा किंवा मरा अशी तिसरी चढाई आली, तर “जा रं तू” म्हणून त्यालाच पाठवतात. गुण आणला तर नशीब, नाही आणला तर “तुला कुणी सांगितलं होतं?”

बापूंकडं पुरावेही असतात. प्रो कबड्डीच्या लिलावात कुणी पहिल्यांदा एक कोटीला पोचलं ते 2018 साली, आणि तो चढाईवाला नव्हता. इराणचा फझल अत्राचली, डावा कोपरा, यू मुंबानं घेतलेला. त्याच लिलावात हरयाणा स्टीलर्सनी चढाईपटू मोनू गोयतवर 1 कोटी 51 लाख लावले आणि जगाचं उत्तर पुन्हा जागेवर आलं. मग 2022 साली तमिळ थलायवाजनी पवन सेहरावतसाठी सव्वादोन कोटींच्या वर मोजले. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि पूर्ण मोसम तो बाहेर बसला. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनी त्याच पवनला 2 कोटी 60 लाखांवर नेलं आणि ते गुणतक्त्यात सगळ्यात खाली राहिले. त्याच लिलावात आपल्या पुणेरी पलटणनं इराणच्या महंमदरझा शादलूला 2 कोटी 35 लाखांना उचललं. पकडी करणारा, वेळ पडली तर चढाईलाही जाणारा गडी. 1 मार्च 2024 ला हैदराबादेत पलटणनं हरयाणाला 28-25 असं हरवून पहिलंवहिलं विजेतेपद घेतलं. हरयाणावाले शहाणे. त्यांनी पुढच्या लिलावात शादलूलाच 2 कोटी 7 लाखांना नेलं आणि त्या डिसेंबरात आपल्या बालेवाडीत करंडक उचलला. बापूंची कथा इथं संपते. 2025 साली गुजरात जायंट्सनी याच गड्यासाठी 2 कोटी 23 लाख मोजले आणि त्यांचा संघ बाद फेरीच्या दारापर्यंतही पोचला नाही, हा उत्तरार्ध बापू सांगत नाहीत. पुराणिकबुवांनी सोयीचा अध्याय आला की पोथी मिटावी, तशी ते तपकिरीची डबी मिटतात.

गंमत म्हणजे हाच वाद सातासमुद्रापार चाललेला असतो. माझा एक पुतण्या न्यू जर्सीला असतो. त्याला तिकडच्या फुटबॉलचा नाद, ते लंबगोल चेंडू हातात घेऊन पळतात त्याचा. एप्रिलात त्यांच्याकडं संघ पाळीपाळीनं कॉलेजची पोरं निवडतात. गेल्या मोसमात जो सगळ्यात हरला, त्याची पाळी सहसा पहिली. ही सोय मला फार हृद्य वाटली. आपल्याकडं हरणाऱ्याला पहिलं काही मिळालं तर ते बोलणं. “काका, टाइट एंडला लवकर घ्यावं का?” असं त्यानं मला एकदा आपल्याकडं उजाडताना फोन करून विचारलं. टाइट एंड म्हणजे कोण, हे त्यानं समजावलं. तो मधला. धिप्पाड गड्यांच्या रांगेला चिकटून उभा राहतो, त्यांच्यासारखा समोरच्याला अंगानं अडवतो आणि वेळ आली की पळून चेंडूही झेलतो. अडवणाऱ्यांत त्याला झेलणारा समजतात आणि झेलणाऱ्यांत अडवणारा.

“मंजे कव्हर,” शेजारी बसलेले बापू म्हणाले.

बापूंना हवं ते तिकडंही मिळालं नाही. 2021 मध्ये अटलांटानं काइल पिट्स नावाचा टाइट एंड चौथ्या क्रमांकालाच उचलला. त्याआधी त्या जागेवरच्या कुणाला इतक्या वर कुणी घेतलेलं नव्हतं. पहिल्या मोसमात तो हजार यार्डांच्या वर धावला-झेलला आणि पुढं काही वर्षं लोक त्याची वाटच बघत राहिले. उलट ट्रॅव्हिस केल्सी 2013 साली तिसऱ्या फेरीत, 63 वा. जॉर्ज किटल 2017 साली पाचव्या फेरीत, 146 वा. आणि अँटोनियो गेट्स तर कॉलेजात बास्केटबॉल खेळायचा, त्याला कुणी निवडलंच नव्हतं. या जागेवरची थोर माणसं बरीचशी अशी उरलेल्यांतून निघालेली. पुतण्या म्हणाला, “म्हणून तर थांबावं.” बापू म्हणाले, “म्हनून तर थांबू नये.” फोनवर दोघंही एकमेकांना दुजोरा देत असल्यासारखे बोलत होते.

मला मात्र उसाचा फड आठवत राहिला. आमच्याकडची सगळ्यात जुनी खेळाडू-निवड तीच. बीडकडच्या, नगरकडच्या टोळ्या यायच्या आणि हंगामाच्या कितीतरी आधी मुकादम गावोगाव हिंडून उचल वाटून ठेवायचा. हिशेब कोयत्यांचा. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. तो तोडायचा. ती पाचट सोलायची, वाढं बाजूला काढायची, मोळी आवळायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायची आणि उतरता उतरता झोळीतल्या पोराकडं बघायची. उचलीच्या वहीत नाव असायचं त्याचं. आमच्या फडावर येणारा एक म्हातारा मुकादम वडिलांशी बोलताना मी लहानपणी ऐकला आहे. नवा कोयता ठरवायचा असला, की तो गड्याचा दंड बघायचा नाही, त्याची बिडी संपेपर्यंत थांबायचा आणि हळूच विचारायचा, “बाई कशी हाय?” मोळी ढिली बांधणारी असली तर गाडी भरत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. उत्तर मनाजोगं आलं की तो वही उघडायचा आणि गड्याचं नाव लिहायचा.

तर या खेपेला आमच्या मालकांनी बापूंचं ऐकलं. कव्हरचं नाव पुकारल्या पुकारल्या त्यांनी हात वर केला. बाकीच्या सोफ्यांवर शांतता. मग कुजबुज. पहिल्याच झटक्याला कव्हर मागतोय म्हणजे ह्याला काहीतरी ठाऊक आहे. प्लॉटिंगवाल्यानं पाचशे वाढवले, पोल्ट्रीवाल्यानं आणखी पाचशे, नेत्यांनी कारण नसताना सातशे. ज्या गड्याला दरवर्षी शेवटी शेवटी, उरलेल्या शे-दीडशेत कुणीतरी पदरात घ्यायचं, तो चार हजार दोनशेवर गेला तेव्हा दस्ता पडला. आमच्यावरच पडला. तो पोरगा दाराशी उभा होता. सकाळी खुर्च्या त्यानंच मांडल्या होत्या. आपलं नाव आणि तो आकडा एकत्र ऐकल्यावर त्यानं मागं वळून बघितलं, त्या नावाचा दुसरा कुणी आलाय की काय म्हणून. मग कानापर्यंत लाल झाला आणि चहाचे रिकामे कप गोळा करायला लागला. मालकांनी हाक मारून त्याला पुढं सोफ्यावर बसवलं, तर तो कपांचा ट्रे मांडीवर घेऊनच बसला.

उरलेल्या पॉइंटांत आम्हाला जो चढाईवाला मिळाला, त्याच्याविषयी न बोललेलं बरं. बापूंना त्याचं दुःख नाही. माझं मत मात्र म्हाताऱ्या मुकादमाकडं झुकतं. मधल्याची चौकशी सगळ्यात आधी करावी आणि बोली दुसऱ्या फेरीत लावावी. तिसऱ्या फेरीची वाट बघू नये, तिथं आता पुतण्यासारखे अभ्यास केलेले लोक बसलेले असतात. आणि संघमालकहो, हात वर करताना चेहरा जरा पाडून ठेवा, नाइलाजानं घेतोय असा. नाहीतर शेजारचा सोफा लगेच पाचशे वाढवतो.