गाडी दम खायली

ट्रकवर लादून घरी आणलेली जुनी जीप म्हणजे पोत्यात घालून आणलेला नवरदेव, असं आमच्या मामांचं मत आहे. जीप घ्यावी तर चालवत आणावी. मग ती कुठंही मिळो.

मामा म्हणजे वालूरचे जीपवाले मामा. सख्खा भाचा मी एकटाच, पण सेलूच्या बाजारापासून देवगाव फाट्यापर्यंत जो तो त्यांना मामाच म्हणतो. असा नग एका वालुरातच आहे असं समजू नका, मराठवाड्यात तालुक्याला एखादा सापडतोच. वय पन्नाशीच्या पुढं, शेतात ट्रॅक्टर, अंगणात पोरानं घेतलेली पांढरीशुभ्र एसी गाडी. आणि रात्री जेवणं झाल्यावर घरातली माणसं मालिका बघत असताना हे मोबाईलवर कुणाच्या तरी जिपेचं इंजिन खोललेलं बघत बसलेले.

दुखणं लहानपणीचं आहे. त्या काळी गावात जीप आली म्हणजे तहसीलदार आले, फौजदार आले, नाहीतर मतं मागायला पुढारी आले. पोरं धुरळ्यात मागं पळायची. बाकीची पोरं घरी परतली, मामा अजून त्या धुरळ्यातच आहेत. पुढं काळीपिवळीचे दिवस आले, एकेका जीपड्यात पंधरा-वीस माणसं आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर, तो काळ मात्र मामा आपल्या इतिहासातून वगळतात. त्यांच्या इतिहासात महायुद्ध असतं, युद्धासाठी अमेरिकेनं काढलेल्या सहा लाखांवर जिपा असतात, 1947 साली महिंद्रांनी मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली ते असतं, उंच बोनेटची सीजे-3बी असते, आणि शेवटी 1985 सालची एमएम-540, प्यूजोच्या डिझेल इंजिनवाली. इथं आवाज खाली येतो. सत्यनारायणाच्या पाचव्या अध्यायाला भटजींचा येतो तसा नव्हे. खरोखर भरून येतं त्यांना.

तर ही एमएम-540 त्यांना मिळाली मंडी डबवालीला. हरियाणाच्या सिरसा जिल्ह्यात, पंजाबच्या अगदी वेशीवर हे गाव. जुन्या जिपा खोलून, रंगवून, रुंद टायर चढवून विकायचा तिथं मोठा बाजार आहे. व्यापाऱ्यानं आधी एक झगमगीत, भोंगे लावलेली जीप दाखवली. मामांनी त्याला मराठवाडी हिंदीत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 ऐकवलं, गाडीच्या मूळ रचनेत परस्पर बदल चालत नाही म्हणून. त्यांना हवी होती ओरिजिनल. ओरिजिनलमध्ये गंजही आला. बोटानं पत्रा दाबून बघितला, तो जरा आत गेला, आणि मामा म्हणाले, "जुना पत्रा हाय. आता असा मिळत नाही."

वालूर तिथून साधारण दीड हजार किलोमीटर. ट्रेलर लावून देतो, असं व्यापारी पुन्हा पुन्हा सांगत होता. मामांनी त्याला ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या पोरांची गोष्ट सांगितली. 1955-56 साली ती पोरं दोन लँड रोव्हर घेऊन लंडनहून निघाली आणि सिंगापूरला पोचली. "अन् आपल्याला तर समुद्रबी लागत नाही," मामा म्हणाले. त्यावर व्यापाऱ्यानं हात जोडले.

जीप चालू करणं हा एक विधी आहे, तो जवळून बघावा. आधी पायरीवर उभं राहून बाभळीची काडी टाकीत बुडवायची, कारण डिझेलचा काटा आधीच्या कुठल्यातरी मालकाच्या काळापासून अर्ध्यावर उभा आहे. मग आत बसून किल्ली हीटरवर धरायची. जानेवारीतली थंडी, वरती ताडपत्रीचं टप, कानावर माकडटोपी; मामा पुटपुटत दहापर्यंत अंक मोजतात आणि सेल्फ मारतात. नाही लागली तर पुन्हा हीटर. लागली की काळ्या धुराचा एक लोट, आणि मला हुकूम: "धोंडा काढ." हँडब्रेक आहे, पण मामांचा विश्वास धोंड्यावर. तो धोंडा डबवालीपासून आमच्यासोबत प्रवास करत होता. ब्रेक दोनदा दाबला की लागतो, पहिल्यांदा नुसती कल्पना द्यायची. स्टीअरिंग चार बोटं फिरलं तरी चाकांना पत्ता नसतो. मोठ्या गिअरशेजारचा फोर-व्हीलचा छोटा दांडा मामांनी रस्ताभर वापरला नाही, पण उतरताना त्यावरून हात फिरवायचं कधी विसरले नाहीत.

हिस्सार, जयपूर, कोटा, इंदूर हे सगळं मला पाठीच्या मणक्यानं आठवतं. पाटे इतके कडक की रस्त्यात विडी पडलेली असली तरी कळावी. पन्नासच्या वर वेग नाही. बुऱ्हाणपूर सोडून मुक्ताईनगरला आलो, मराठी पाट्या दिसल्या, तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. धूर असेल.

मोताळ्यापुढं, बुलढाण्याला चढणाऱ्या राजूरच्या घाटात बोनेटमधून वाफ निघाली. मामा शांत. धोंडा लावला, फडकं घेतलं, रेडिएटरपासून दोन हात लांब बसून राहिले. घाईनं झाकण उघडणाऱ्याचं तोंड भाजतं, हे त्यांना ठाऊक. एक ट्रकवाला थांबला. "काय झालं हो?"

"काही नाही. गाडी दम खायली."

बंद पडली, गरम झाली, बिघडली असले शब्द त्यांच्या तोंडी येत नाहीत. डिझेलनं एअर घेतली तर ती "रुसली", पट्टा ओरडला तर ती "बोलायली". ट्रकवाल्यानं पाण्याचा कॅन दिला. मग एक रिटायर्ड लाइनमन दुचाकीवरून आले, जिपेभोवती दोन फेऱ्या मारल्या, आपल्या खात्याच्या जिपेची आठवण काढली आणि घरी जेवायलाच चला म्हणाले. नवी गाडी रस्त्यात थांबली तर मागचे हॉर्न मारतात, जीप थांबली तर चहा सांगतात. निम्मा प्रवास मामा यासाठीच करतात, असा माझा वहीम आहे.

जालना, मंठा करत देवगाव फाट्यावर आलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. घर आता जवळ. मामांनी जीप बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं मामा?"

"आत्ता गावात कोण जागं हाय?"

दीड हजार किलोमीटर हाडं खिळखिळी करून आलेला हा माणूस, गावाला उजाडावं म्हणून फाट्यावर घोंगडी पांघरून बसून राहिला. जीप धुऊ का विचारलं तर अंगावर आले. चिखल हाच पुरावा होता.

सकाळी वालुरात शिरलो ते शाळेची पोरं रस्त्यावर असताना. मामा सरळ घरी गेले नाहीत, आधी बारवेकडं वळले. वालूरची गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव बघायला लांबलांबून फोटोवाले येतात. त्यांच्या फोटोच्या कडेला जीप नेमकी यावी अशी जागा मामांनी आधीच हेरून ठेवली होती.

मामींनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, जिपेकडं एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "एवढ्या पैशात बोअर झाला असता." मामा हसले. पुढाऱ्यासारखे.

जीप अजून हरियाणाच्या नंबरावरच आहे. परभणीचा एमएच-22 मिळवायचा तर तिकडून ना-हरकत हवी. एजंट म्हणाला, फॉर्म 28 वर चेसिस नंबरचा पेन्सिलीनं ठसा काढा आणि टपालानं पाठवून द्या. मामांना हे काही पटलं नाही. "ठशाचा काय भरवसा? गाडीच नेऊन दाखवावी म्हणतो."

मी मामींकडं बघितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ह्या बारीला मी बी येणार. अन् म्होरं मी बसंन, भाच्याला मागं टाका."