गाडी कुंईऽऽ करते तेव्हा

साहित्य : शंभर सीसीची मोटारसायकल, वय साधारण आठ-दहा वर्षं. एक लांब स्क्रू-ड्रायव्हर. दोन किलोमीटर मोकळा, सपाट रस्ता. मागे बसणारं एक माणूस, शक्यतो ज्याच्याशी आपले संबंध सहजासहजी तुटणार नाहीत असं.

कृती : आधी आवाज येतोय हे मान्य करावं. नवशिक्याला याला चार-पाच दिवस लागतात. पहिल्या दिवशी आवाज शेजारून गेलेल्या रिक्षाचा असतो, दुसऱ्या दिवशी वाऱ्याचा, तिसऱ्या दिवशी हेल्मेटचा. हेल्मेटवरचा संशय मात्र रास्त आहे. काच बोटभर उघडी राहिली की पन्नासच्या पुढे ती खुशाल शीळ घालते. काच बंद करून, मान जराशी इकडेतिकडे करून बघावं. आवाज बदलला तर हेल्मेट, खर्च शून्य. माझा बदलला नाही.

मग आवाजाला नाव द्यावं. याबाबतीत मराठी माणसाची चांगली सोय आहे. ‘टकटक’ म्हटलं की मिस्त्री टॅपेटकडे बघतो. ‘खडखड’ म्हटलं की ढिल्या चेनकडे. ‘खरखर’ म्हणजे बेरिंग, ‘चर्रऽ’ म्हणजे ब्रेक शू. चुकीचा शब्द वापरलात तर चुकीचा पार्ट बदलला जातो, आणि त्यात मिस्त्रीचा दोष नसतो. ‘कुंईऽऽ’ हा यातला सगळ्यात बेभरवशाचा शब्द, कारण त्याचे धनी फार : कोरडी किंवा घट्ट चेन, चाकाचं बेरिंग, पुढच्या चाकातला किलोमीटरचा वर्म, गिअरबॉक्समधला एखादा झिजलेला दाता. इंजेक्शनच्या नव्या गाड्यांत चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद जो सूंऽऽ येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. तो आजार नव्हे. त्यासाठी रात्री दहाला मिस्त्रीला फोन करू नये.

आता खरी परीक्षा. मोकळ्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात क्लच दाबून रेस सोडावी. इंजिन लगेच शांत होतं. त्याच्याबरोबर कुंईही गप्प झाली तर दुखणं इंजिनात, आणि बँकेत काय शिल्लक आहे ते बघून ठेवावं. ती चाकांच्या वेगाबरोबर हळूहळू उतरत गेली, तर इंजिनाला तूर्त सोडून चेन आणि चाकं धरावीत. मी हे शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागल्यावर केलं. हळूहळू उतरत गेली. आनंदाच्या भरात मी हॉर्न वाजवला.

घरी आल्यावर गाडी मेन स्टँडवर लावावी, इंजिन बंद. एका हाताने चाक फिरवावं, दुसऱ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ॲक्सलच्या नटावर टेकवून मूठ कानामागच्या हाडाला लावावी. बेरिंग गेलं असेल तर आत कुणीतरी वाळू दळतंय असं ऐकू येतं. मला एवढंच ऐकू आलं की समोरचे काका त्यांच्या सूनबाईला विचारतायत, ‘ह्याचा कान फुटलाय का गं?’

चेनची तपासणी मी केली नाही. तिची गरजच नव्हती. आदल्याच रविवारी मी स्वतः ती धुऊन, तेल देऊन, मेन स्टँडवर चांगली आवळून ठेवली होती, तसूभर लोंबणार नाही अशी. पन्नास रुपये वाचले होते ते वेगळेच.

सगळ्यात नाजूक भाग म्हणजे निरीक्षण तोंडाने सांगणं. माझ्या लक्षात आलं होतं की मी एकटा असताना आवाज येत नाही. बायको मागे बसली की येतो. वाघबीळच्या अलीकडे मी गाडी जरा हळू केली आणि शास्त्रीय उत्साहात म्हणालो, ‘तू बसलीस की येतो बघ.’ तिथून पन्हाळ्यापर्यंत फक्त गाडी बोलत होती. उतरताना बायको म्हणाली, ‘माझ्या डाव्या पायाखालून येतोय तो,’ आणि झुणका-भाकर एकाच माणसाची सांगितली.

मिस्त्रीकडे गेल्यावर लाजू नये. उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रीसमोर मी ओठांचा चंबू करून पूर्ण आवाज काढून दाखवला, आधी चाळीसचा, मग पंचावन्नचा. त्याने हातातला पाना खाली ठेवून ऐकलं. ‘कुंई का घुंई, नक्की सांगा सर.’ मी पुन्हा काढला. शेजारचा पोरगा म्हणाला, ‘घुंई हाय ओ.’ मिस्त्री एकटाच ट्रायल मारून आला. ‘कायबी न्हाई. लोण्यागत पळत्या.’

माझ्या आग्रहाखातर त्याने वर्मला ग्रीस भरलं आणि पुढच्या चाकाची बेरिंगं बदलली, 6301. यातले शेवटचे 01 म्हणजे आतलं भोक 12 मिलिमीटरचं. ही माहिती दुकानात काउंटरवर सांगू नये, त्या माणसाला ती असते. जुनी बेरिंगं मी बोटावर फिरवून बघितली. अगदी ठणठणीत होती.

संध्याकाळी भाजी आणायला दोघं निघालो. कुंईऽऽ.

दुसऱ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, ‘वहिनीस्नी घिऊन या.’ आलो. ‘बसा दोघंबी. स्टँड काढा.’ आम्ही बसलो. तो डाव्या बाजूला उकिडवा बसला, चेन कव्हरवरची रबराची काळी टोपी नखाने काढली, आत बोट घातलं आणि खालची चेन वर उचलायला गेला. बोट तिथंच थांबलं. चेन सतारीच्या तारेसारखी ताठ होती.

मग त्याने समजावलं, मला नव्हे, वहिनींना. मेन स्टँडवर मागचं चाक खाली लोंबतं, तेव्हा चेन सगळ्यात ढिली दिसते. माणसं बसली की शॉकअप दबतात, चाक वर सरकतं, पुढच्या-मागच्या स्पॉकेटमधलं अंतर वाढतं आणि चेन आपोआप ताणली जाते. त्यासाठीच अशा गाड्यांना खालच्या चेनला मधोमध साधारण 20 ते 30 मिलिमीटर ढील सोडायची असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. एकट्याच्या वजनाला हिचं कसंबसं भागत होतं, दोघांच्या वजनाला ती रडत होती. आणखी महिनाभर अशीच पळवली असती तर मागची बेरिंगं खरोखरच गेली असती.

‘म्हणजे माझ्यामुळे नाही,’ बायको म्हणाली.

‘छ्या! वहिनी, तुमचा काय संबंध?’ मिस्त्रीने ॲक्सलचा नट सैल करायला घेतला. ‘पर ही आवळलीया कुणी एवढी? बेरिंगचं पैसं त्याच्याकडनं घ्या.’

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीवरचा स्क्रू-ड्रायव्हर उचलला, टोक पुढच्या ॲक्सलला टेकवलं, मूठ कानामागे धरली आणि डोळे मिटून ऐकू लागलो.